टाळेबंदी योग्य होती का? दोन भावांच्या वादात अडकलेल्या बहिणीस

(पत्राचा आशय : पुणे जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या भगिनीचे हे पत्र आहे. त्यांचे थोरले बंधू एका महापालिकेच्या आरोग्य विभागात नोकरीला असून २०२० च्या मार्चपासून ते रुग्णांच्या संपर्कातील माणसे शोधण्याच्या आणि वस्त्या प्रतिबंधित करण्याच्या कामावर होते. धाकट्या भावाची औद्योगिक वसाहतीजवळ खानावळ होती. ती मार्चमध्ये बंद झाली, जूनमध्ये पार्सलपुरती उघडली, जुलैच्या टाळेबंदीत पुन्हा बंद पडली आणि त्यानंतर त्याने पातेली, पराती, शेगड्या, बाकडी विकून जागा मालकाला परत दिली. एप्रिल २०२१ मध्ये वडील कोरोनाने गेले. थोरला म्हणतो, दुसऱ्या लाटेत निर्बंध पंधरा दिवस आधी लागले असते तर बाबा वाचले असते. धाकटा म्हणतो, टाळेबंदी हाच गुन्हा होता, चाचण्या थोतांड होत्या आणि बाबांना संसर्ग दादाच्या नोकरीमुळेच झाला. सरकारी मदतीचे ५०,००० रुपये आईच्या खात्यात अजून तसेच पडून आहेत, कारण धाकटा त्यांना हात लावू देत नाही. भाऊबीजेला दोघे एकत्र येतात, विषय निघतो आणि एक जण ताटावरून उठतो. भगिनी विचारतात : खरे कोणाचे, आणि मी कोणाच्या बाजूने उभे राहावे?)

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाला ‘दोघांचेही थोडे थोडे खरे’ असे गुळमुळीत उत्तर देऊन मी तुमची बोळवण करणार नाही, कारण तुमच्या घराने त्या काळाची किंमत रोख मोजलेली आहे आणि अशा घराला स्पष्ट उत्तर मिळाले पाहिजे. माझे मत असे की मार्च २०२० मध्ये देश बंद करणे समर्थनीय होते, पण तो ज्या रीतीने बंद केला गेला ती रीत समर्थनीय नव्हती. त्या बंदीचा बोजा ज्यांच्यावर पडला त्यांना भरपाई न देणे हा अन्याय होता. प्राथमिक शाळा इतका दीर्घकाळ बंद ठेवणे ही मोठी चूक होती. आणि २०२१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्याला आणि देशाला उशीर झाला. यांतली काही मते तुमच्या दादांना रुचणार नाहीत, काही धाकट्याला. ती मी का बाळगते, ते सविस्तर सांगते.

९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले, तेव्हा या आजारावर लस नव्हती, खात्रीचे औषध नव्हते आणि रोग कुठवर पोहोचला आहे हे पाहण्याची साधने फार तोकडी होती. वर्षाच्या सुरुवातीला देशभरातले नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे येत असत. पुढे प्रयोगशाळा वाढत गेल्या, तरी चाचणी मुख्यतः परदेशातून आलेल्यांची आणि त्यांच्या संपर्कात येऊन लक्षणे दिसू लागलेल्यांचीच होत होती. श्वसनाच्या तीव्र त्रासाने रुग्णालयात दाखल झालेल्या प्रत्येकाची चाचणी करावी, हे ठरायला २० मार्च उजाडला. जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख तेद्रोस १६ मार्चला ‘चाचण्या करा’ असे तीनदा बजावून सांगत होते, आणि आपल्याकडे तेव्हा पुरेशी किटेसुद्धा नव्हती. पुण्याच्याच मायलॅब या कंपनीच्या किटला परवानगी मिळाली ती मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. रोग कोणत्या गल्लीत आहे हे ज्या प्रशासनाला दिसत नाही, त्याच्यापुढे सगळ्याच गल्ल्या बंद करण्याखेरीज फारसा मार्ग उरत नाही. चाचणी आणि टाळेबंदी हे दोन वेगळे वाद आहेत असे समजून आपण भांडतो, पण पहिलीची टंचाई होती म्हणून दुसरी इतकी सरसकट करावी लागली, हे मला या साऱ्या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्या दक्षिण कोरियाने सुरुवातीपासून भरपूर चाचण्या केल्या, त्याला सबंध देश घरात बसवावा लागला नाही.

धाकट्याला चाचण्या थोतांड वाटतात, यालाही काही आधार आहे, तो त्याला नाकारू नका. एप्रिल २०२० मध्ये चीनहून मागवलेली झटपट प्रतिपिंड चाचणीची किटे सदोष निघाली आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने राज्यांना ती वापरू नका, परत करा असे कळवले. त्यानंतर जूनमध्ये अँटिजेन चाचणी आली. ती अर्ध्या तासात निकाल देते, पण तिचा ‘निगेटिव्ह’ निकाल लक्षणे असलेल्या माणसाबाबत पुरेसा मानता येत नाही, त्याची आरटीपीसीआर करावी लागते. तीन प्रकारच्या चाचण्या, तीन वेगवेगळ्या मर्यादा, त्यात खाजगी प्रयोगशाळेचा दर सुरुवातीला ४,५०० रुपये. जूनमध्ये राज्य सरकारने तो २,२०० पर्यंत खाली आणला. सामान्य माणसाला यांतला फरक कोणी नीट समजावून सांगितला नाही, आणि एका घरात एकाच माणसाचे दोन दिवसांत दोन वेगळे अहवाल आले की त्याचा विश्वास उडणारच.

पण ‘चाचण्या वाढवल्या म्हणून रुग्ण वाढले’ हे त्याचे म्हणणे मात्र चुकीचे आहे, आणि ते तपासण्याची रीत सोपी आहे. शंभर चाचण्यांत किती जण बाधित निघतात हे पाहावे. रोग आटोक्यात असेल आणि आपण नुसत्याच चाचण्या वाढवत असू, तर हे प्रमाण घसरत जाते. जागतिक आरोग्य संघटनेने ते ५ टक्क्यांच्या खाली असावे अशी खूण घालून दिली होती. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रात तोवर तपासलेल्या दर पाच नमुन्यांमागे एक बाधित होता. म्हणजे आपण फार शोधत होतो म्हणून सापडत होते असे नाही. जेवढे होते तेवढे शोधायला आपण अपुरे पडत होतो. त्याचा पुरावा रक्ततपासणीच्या सर्वेक्षणांतूनही आला. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत झोपडपट्टीतल्या ५७ टक्के आणि बाहेरच्या १६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, आढळली. पुण्याच्या पाच भागांत हेच प्रमाण ५१.५ टक्के होते.

या ५७ आणि १६ मधल्या अंतरावर मला थोडे थांबायचे आहे. शहर एक, टाळेबंदी एक, नियम तेच, आणि तरीही एका वस्तीत निम्म्याहून अधिक माणसांना लागण होऊन गेलेली, दुसरीकडे सहातल्या एकाला. ज्याच्याकडे स्वतंत्र खोली, स्वतःचे संडास-न्हाणीघर आणि महिन्याचा पगार होता, त्याला टाळेबंदीने खरोखर संरक्षण दिले. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे आणि सार्वजनिक शौचालय असलेल्यांना ‘घरात राहा’ म्हणणे म्हणजे एकमेकांच्या श्वासात राहा म्हणणे होते. धारावीत १ एप्रिलला पहिला रुग्ण सापडला. तिथे साथ आवरली ती नुसत्या बंदीने नव्हे, तर वस्तीतच उघडलेल्या ताप तपासणी केंद्रांनी, दारोदार फिरून केलेल्या शोधाने, सार्वजनिक शौचालये पुन्हा पुन्हा निर्जंतुक केल्याने, बाधितांना शाळा-सभागृहांत वेगळे ठेवून तिथे त्यांना जेवण दिल्याने. तुमचे दादा वर्षभर जे काम करत होते ते हेच, आणि त्या कामाने माणसे वाचली याविषयी मला शंका नाही. धाकट्याने ‘टाळेबंदी’ या एका नावाखाली दादांचे कामही मोडीत काढू नये, एवढे त्याला सांगायला हवे. त्याचबरोबर, त्या ५७ टक्क्यांत जे होते त्यांचा राग खरा होता, हे दादांनी मान्य करायला हवे.

आता रीतीविषयी. २४ मार्चला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी घोषणा केली आणि मध्यरात्रीपासून २१ दिवसांसाठी देश बंद झाला. चार तासांत पुण्या-मुंबईतला बिहारी किंवा मराठवाड्यातला मजूर काय करू शकत होता? रेल्वे आधीच थांबली होती. श्रमिक गाड्या सुरू झाल्या १ मे रोजी, म्हणजे पाच आठवड्यांनी, आणि तोवर लाखो माणसे चालत निघाली होती. ८ मे रोजी पहाटे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या करमाडजवळ रुळांवर थकून झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. ती माणसे जालन्याच्या कारखान्यातून निघून भुसावळच्या दिशेने, गाडी मिळेल या आशेने, रुळांच्या कडेने चालत होती. रुळांवर पडलेल्या भाकरींचे छायाचित्र ज्यांनी पाहिले, त्यांना ते विसरता येणार नाही. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले की टाळेबंदीमुळे १४ ते २९ लाख लोकांना होणारी लागण आणि ३७ ते ७८ हजार मृत्यू टळले. हा गणिती प्रतिमानांवरून काढलेला अंदाज होता, आणि असा अंदाज काढण्यात गैर काही नाही. पण त्याच अधिवेशनात, घरी परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले याची नोंद सरकारकडे नाही, असे उत्तर श्रम मंत्रालयाने दिले. जे टळले त्यांचा हिशेब मांडणाऱ्या शासनाने जे गेले त्यांची नोंदही ठेवू नये, हे मला अक्षम्य वाटते. टाळेबंदीचे समर्थन करणाऱ्या प्रत्येकाने, मीही त्यांत आहेच, हे आधी उच्चारले पाहिजे.

तुमच्या धाकट्या भावाचे दुःख याच जातीचे आहे. १ जूनपासून राज्यात ‘पुनश्च हरिओम’ झाले, पार्सलला परवानगी मिळाली, त्याने उसने पैसे घेऊन तांदळाची पोती, तेलाचे डबे आणि पार्सलसाठी डब्यांचे गठ्ठे भरले, आणि १० जुलैला पुणे व पिंपरी-चिंचवडसाठी पुन्हा टाळेबंदी जाहीर झाली, १४ ते २३ जुलै. त्यातले पहिले पाच दिवस तर किराणाही बंद. व्यापाऱ्यांनी तेव्हा उघड विरोध केला होता. ज्या दहा दिवसांत साथीला फार तर थोडी खीळ बसली असेल, त्या दहा दिवसांनी त्याच्यासारख्या कितीतरी छोट्या धंद्यांची उरलीसुरली उमेद संपवली. ती टाळेबंदी सरसकट न करता ज्या भागांत रुग्ण होते तिथेच कडक करायला हवी होती असे माझे मत आहे. तोवर चाचण्या मार्चच्या कित्येक पट वाढलेल्या होत्या, रोग कोणत्या भागात आहे हे दिसत होते, आणि दिसत असताना सगळ्यांना बंद करण्याचे मार्चमधले कारण आता उरले नव्हते.

ज्या कायद्याखाली हे सारे झाले त्यांतला एक १८९७ चा साथरोग कायदा आहे. मुंबई-पुण्यात प्लेग आला तेव्हा तो घाईने केला गेला. मूळ कायद्याची अवघी चार कलमे. सरकारला हवे ते निर्बंध घालण्याची मुभा, ते मोडणाऱ्याला शिक्षा, आणि त्याअन्वये सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही असे संरक्षण. ज्याचे दुकान किंवा मजुरी बंद होईल त्याला काय द्यायचे, याविषयी त्या कायद्यात अवाक्षर नाही. तुमच्या दादांना कायद्याने पाठीशी घातले आणि धाकट्याला उघड्यावर सोडले, तेही एकाच कागदाने. मदतीच्या याद्या निघाल्या, नाही असे नाही. एप्रिल २०२१ मध्ये राज्याने परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत फेरीवाले, बांधकाम कामगार यांना १,५०० रुपये दिले, शिवभोजन थाळी मोफत केली. कर्जाचे हप्ते काही महिने पुढे ढकलता आले, पण व्याज चालूच राहिले. भाड्याच्या गाळ्यात खानावळ चालवणारा, चार माणसांना कामाला ठेवणारा, ना फेरीवाला ना उद्योजक असा माणूस या कोणत्याच यादीत बसत नव्हता. लोकांच्या भल्यासाठी एखाद्याचे उत्पन्न बंद करायचे असेल तर त्याचा खर्च लोकांनी मिळून उचलायला हवा, हे तत्त्व आपण पाळले नाही. तो ‘गुन्हा’ म्हणतो तेव्हा तो बहुधा हेच सांगत असतो.

पुण्याच्या माणसाने या वादात एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १८९७ च्या प्लेगात रँडच्या सोल्जरांनी घराघरांत घुसून जी झडती घेतली तिच्याविरुद्ध शहर पेटून उठले आणि २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली, हे आपण शाळेत शिकतो. पण त्याच साथीत टिळकांनी त्या रीतीवर कडक टीका करतानाच हिंदू प्लेग रुग्णालय उभे करायला हातभार लावला, आणि सावित्रीबाई फुले हडपसरजवळ मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात रुग्ण आणून त्यांची शुश्रूषा करता करता १० मार्चला प्लेगानेच गेल्या. निर्बंधांच्या रीतीला विरोध करणे म्हणजे रोग नाकारणे, अशी समजूत दादांनी करून घेऊ नये, आणि रोगाशी लढणारा म्हणजे सरकारचा माणूस, असे धाकट्यानेही समजू नये.

पुन्हा उघडण्याच्या क्रमावर मी थोडक्यातच बोलते. मे २०२० मध्ये दारूची दुकाने उघडली, ५ ऑक्टोबरला निम्म्या क्षमतेने हॉटेले आणि बार उघडले, देवळे १६ नोव्हेंबरला, पाडव्याला. मधल्या काळात देवळे उघडण्यावरून राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यात पत्रयुद्ध झाले. वारीच्या पालख्या त्या वर्षी एसटीने पंढरपूरला गेल्या, आणि वारकऱ्यांनी ते ज्या समजूतदारपणे स्वीकारले त्याचे कौतुक व्हायला हवे होते तेवढे झाले नाही. या सगळ्यात शाळा सर्वांत शेवटी राहिल्या. शाळांपुढे ना महसूल होता, ना मोर्चा काढणारी संघटना. मार्च २०२० च्या मध्यावर बंद झालेले पहिलीचे वर्ग शहरांत उघडायला डिसेंबर २०२१ आला. डेन्मार्कने लहान मुलांच्या शाळा १५ एप्रिल २०२० लाच उघडल्या होत्या. आपल्याकडची दाटी आणि वर्गांचा आकार पाहता आपल्याला तेवढे लवकर जमले नसते, पण एकवीस महिने कशासाठी?

ताई, तुमच्या लांबलचक पत्रात स्वतःविषयी एकच वाक्य आहे. ‘तिसरीत आलेली मुले बाराखडी विसरलेली होती,’ एवढेच तुम्ही लिहिले आणि पुन्हा भावांकडे वळलात. देशपातळीवर मुलांच्या वाचन-गणिताची तपासणी करणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत २०१८ मध्ये तिसरीतली २७.३ टक्के मुले दुसरीचा धडा वाचू शकत होती, २०२२ मध्ये हे प्रमाण २०.५ वर आले. त्या घसरणीला पुन्हा वर ओढण्याचे काम तुमच्यासारख्या शिक्षिकांनी केले, आणि त्याआधी तुम्हीच ऑक्सिमीटर आणि ताप मोजण्याची गन घेऊन ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या सर्वेक्षणाला दारोदार फिरलात. तुम्ही या वादात पंच नाही आहात. तुमचेही त्यात बरेच गेले आहे, ते तुम्ही भावांना कधी सांगितले आहे का? सांगितले नसेल तर पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करा. बहीण कोणाच्या बाजूची, हा प्रश्न त्यामुळे आपोआप मागे पडेल.

आता दुसऱ्या लाटेविषयी, कारण खरी जखम तिथे आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत रुग्ण झपाट्याने वाढले, २२ तारखेपासून तिथे टाळेबंदी लागली, मुख्यमंत्र्यांनी राज्याला आठ दिवसांची मुदत देऊन इशारा दिला. पण राज्यभर रात्रीची जमावबंदी आली मार्चच्या अखेरीस आणि कडक निर्बंध ५ व १४ एप्रिलला. १८ एप्रिलला एका दिवसात राज्यात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. राज्यात रोज सुमारे १,२५० टन प्राणवायू तयार होत होता आणि गरज त्याहून बरीच वर गेली होती. विशाखापट्टणमहून रेल्वेने टँकर आणावे लागले. दादा म्हणतात ते धोरण म्हणून बरोबर आहे : आधी आवरले असते तर रुग्णालयांवर एवढा ताण एकदम आला नसता आणि अनेक माणसे वाचली असती. त्यांतच हेही म्हणायला हवे की पहिल्या टाळेबंदीने मिळवून दिलेले वर्ष प्राणवायूचे प्रकल्प, लस आणि खाटा वाढवण्यासाठी जेवढे वापरायला हवे होते तेवढे वापरले गेले नाही; माझ्या लेखी टाळेबंदीचे मोल शेवटी याच एका गोष्टीवर ठरते. पण ‘अनेक वाचले असते’ यावरून ‘बाबा वाचले असते’ इथे जाता येत नाही. तेवढी पायरी कोणतेही गणित चढू शकत नाही, आणि दादांनी स्वतःला रोज त्या पायरीवर उभे करू नये.

धाकट्याच्या आरोपाबद्दल मला अधिक ठामपणे बोलायचे आहे. लागण होणे आणि लक्षणे दिसणे यांत २ ते १४ दिवसांचे अंतर असू शकते. लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीच माणूस दुसऱ्याला संसर्ग देऊ शकतो. अनेकांना तर लक्षणे येतच नाहीत. तुम्हीच लिहिले आहे की ताप येण्याच्या आधीच्या आठवड्यात बाबा लसीच्या रांगेत उभे होते, मंडईत जाऊन आले होते, आणि धाकट्याचे दोन मित्र घरी येऊन गेले होते. दादा मात्र वर्षभर कामावरून आल्यावर मागच्या मोरीत आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकत नव्हते आणि पडवीत वेगळ्या ताटात जेवत होते. त्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात हवा सगळीकडे सारखीच होती. संसर्ग कोणाकडून आला हे कोणताही डॉक्टर, कोणतीही चाचणी आज सांगू शकणार नाही, आणि तेव्हाही सांगू शकली नसती. म्हणून हा आरोप चूक आहे असेही सिद्ध करण्याच्या फंदात पडू नका, तारखांचा हिशेब मांडू नका; त्या हिशेबात धाकट्याचे मित्र येतील आणि मग तोही कोसळेल. ‘हे कळणे शक्य नाही, आणि या घरात यापुढे हे कोणी कोणाला म्हणायचे नाही,’ असे आईने एकदा दोघांसमोर सांगावे. हे काम तुमचे नाही, आईचेच आहे, आणि तिचा शब्द दोघे मोडणार नाहीत असे तुमच्या पत्रावरून मला वाटते.

भाऊबीजेच्या दिवशी या विषयाला हात लावू नका. त्याआधी एखाद्या रविवारी दोघांशी वेगवेगळे बोला. दादांना एकच विनंती करा : धाकट्याला एकदा विचारा की शेवटी सामान विकले त्या दिवशी काय काय झाले, कोण आले होते, किती मिळाले. टाळेबंदीचे आकडे सांगू नका, शासनाची बाजू मांडू नका, मधे बोलू नका. दादा त्या काळात रात्रंदिवस कामावर होते, त्यामुळे त्यांनी हे कधी ऐकलेलेच नसण्याची शक्यता मोठी आहे. आपले नुकसान घरातल्याच सरकारी नोकराला दिसले नाही, हा सल धाकट्याला सरकारवरच्या रागाहून अधिक टोचत असेल. धाकट्याला सांगा की त्याने दादांना त्या वस्त्यांविषयी विचारावे : पत्रे ठोकून गल्ली बंद करताना लोक काय म्हणायचे, कोणाला उचलून न्यावे लागले, कोण परत आले नाही. दोघांनी मत बदलावे अशी अपेक्षा ठेवू नका. स्वीडनने टाळेबंदी न करता साथ काढली आणि नंतर नेमलेल्या आयोगाने सांगितले की ऐच्छिक मार्ग एकंदर योग्य होता, पण सुरुवातीला अधिक लवकर आणि अधिक कडक पावले उचलायला हवी होती. तिथेही वाद मिटलेला नाही. भारतात २०२०-२१ मध्ये किती माणसे गेली, यावरही एकमत नाही : सरकारी आकडा २०२१ अखेर सुमारे ४ लाख ८० हजार, जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज ४७ लाख, आणि सरकारने तो अमान्य केलेला. देशाला जे ठरवता आलेले नाही ते तुमच्या स्वयंपाकघरात ठरावे, असा आग्रह धरू नका.

राहता राहिले ते ५०,००० रुपये. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२१ मध्ये ठरलेली ही मदत मृताच्या जवळच्या नातलगासाठी आहे, म्हणजे तुमच्या घरात ती आईची आहे. मुलांपैकी कोणी ती घ्यावी की नाकारावी हा प्रश्नच उद्भवत नाही. ते पैसे घेतल्याने टाळेबंदी योग्य होती अशी कबुली दिली जात नाही, आणि न घेतल्याने बाबांचा मानही राखला जात नाही. आईला एकटीला विचारा की तिला त्यांचे काय करायचे आहे. तिने ते डोळ्यांच्या शस्त्रक्रियेला वापरायचे म्हटले, कोणाला द्यायचे म्हटले किंवा धाकट्याचे राहिलेले उसने फेडायचे म्हटले, तरी ती सांगेल तसे करा, पासबुक घेऊन तिच्याबरोबर बँकेत दादांनी नव्हे तर धाकट्याने जावे, आणि हे भाऊबीजेच्या आधी उरकावे.